अंकी, अक्षरी आणि पेटीतली बाई

मराठीत परीक्षण होत नाही अशी वस्तू आता फारशी उरलेली नाही. नाटकाचं होतं, सिनेमाचं होतं, दिवाळी अंकांचं होतं, आणि हल्ली तर मिसळीचंही होतं, तेही कट कुठल्या घराण्याचा याच्या चर्चेसकट. मात्र ज्या वाङ्मयाचा श्रोता मोरगिरीपासून मुलुंडपर्यंत पसरलेला आहे, जे फुकट ऐकायला मिळतं आणि नको असलं तरी ऐकावं लागतं, त्या फोनमधल्या बाईच्या बोलण्याकडे एकाही समीक्षकाचं लक्ष गेलेलं नाही. ही बाई काय थोडंथोडकं बोलते? 'आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही' हे वाक्य एखाद्या नवकवीने अनियतकालिकात छापलं असतं तर त्यावर चार परिसंवाद झाले असते आणि त्यांतले दोन वादात संपले असते. बाईने म्हटलं म्हणून आपण नुसता फोन ठेवतो.

मी या समीक्षेला बसलो आहे तो कुठल्या अधिकाराने, असं कोणी विचारील. मी बी. कॉम. आहे. मराठी वाङ्मयाशी माझा संबंध अकरावी-बारावीनंतर सुटला तो सुटला. पण गेली वीस वर्षं मी बँकेच्या खिडकीत बसून लोकांच्या तोंडून आकडे ऐकतो आहे. 'साडेबाराशे काढायचेत', 'पावणेदोन हजार भरायचेत', 'ते दीड लाखाचं काय झालं?' या असल्या वाक्यांवर माझं पोट चालतं. कविता कळण्याचा दावा मी करणार नाही, पण मराठी आकडा कुठे ठेचकाळला हे मला कळतं. शिवाय या बाबतीत कायदाही माझ्या बाजूला आहे. 1881च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या अठराव्या कलमात म्हटलंय की रक्कम आकड्यात एक आणि शब्दांत दुसरीच लिहिली असेल, तर शब्दांतली खरी धरायची. प्रत्यक्षात असा चेक आम्ही परतच पाठवतो, ही गोष्ट वेगळी. पण तत्त्व बघा. इंग्रज सरकारनेदेखील अंकीपेक्षा अक्षरीला मान दिला. आकडा हा नुसता लिहायचा नसतो, तो बोलायचा असतो, आणि बोलण्यात चुकला तर पैशात चुकतो.

आता प्रत्यक्ष कलाकृतीकडे वळू.

आमच्या पाटण तालुक्यातल्या एका दूध संस्थेने काही वर्षांपूर्वी टेलिफोनची एक पेटी विकत घेतली. आकाराने मिठाईच्या अर्धा किलोच्या खोक्याएवढी. मागे चार भोकं: दोन बाहेरच्या लायनींसाठी, दोन आतल्या फोनांसाठी. सभासदाने फोन लावायचा, आपला सभासद क्रमांक दाबायचा, आणि पेटीतल्या बाईने त्याला दहा दिवसांचं दूध किती लिटर झालं, फॅट किती लागली आणि बिल किती झालं हे सांगायचं, अशी ती योजना. मेसेज येतोच, पण तो इंग्रजीत येतो आणि नातू शाळेतून घरी येईपर्यंत तो वाचला जात नाही. कान मात्र प्रत्येकाकडे असतात. कल्पना उत्तमच होती. (वाणिज्य शाखेचा पदवीधर जवळपास असला की गावातल्या यच्चयावत संस्थांची दप्तरं त्याच्याकडे आपोआप चालत येतात. त्या न्यायाने मी रविवारी तिथे असतो. मानधन म्हणून अर्धा लिटर दूध मिळतं. फॅट सांगत नाहीत.)

या पेटीची पहिली आवृत्ती इंग्रजी होती. तिच्यावर लिहिण्यासारखं फार नाही. एक अमेरिकन बाई अत्यंत आनंदाने आकडे सांगत असे. म्हशीच्या दुधाचा दर पडल्याची बातमीही ती लॉटरी लागल्याच्या सुरात देई. सभासद म्हणत, "बाई चांगल्या घरची हाय, पन काय म्हंती कळत न्हाय."

दुसरी आवृत्ती विक्रेत्याने मराठीत करून दिली आणि तिथून खऱ्या समीक्षेला सुरुवात होते.

त्या आवृत्तीची भाषा अशी: 'आपले दूध अठ्ठेचाळीस लिटर' असं तिला म्हणता येत नसे. ती म्हणे, 'आपले दूध... चाळीस... आठ... लिटर.' फॅट म्हणे, 'तीन पूर्णांक आठ दशांश.' आता आमच्याकडे फॅटला कोणी पूर्णांक लावत नाही. 'तीन-आठ लागली' म्हणतात, फार तर 'तीन पॉइंट आठ.' साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ हा गाईच्या दुधाचा पाया ज्यांना पाठ आहे, त्यांना 'पूर्णांक' ऐकल्यावर दूध पूर्ण झालं, आता घालू नका, असं वाटलं तर दोष कुणाचा? पण खरा घोटाळा बिलात झाला. आमच्या वरच्या आळीच्या आक्का, वय पंचाहत्तरच्या पुढे, दोन म्हशी, एका रविवारी संस्थेत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"भाऊसाहेब, ह्यो सत्तर कुनाचा आन् नऊ कुनाचं?"

"कसले सत्तर, आक्का?"

"ती बया म्हनली, दोन हजार. मग जरा थांबली. मग म्हनली सत्तर. मग म्हनली नऊ. दोन हजार माझं, ते कळलं. सत्तर पेंडीचं कापलं व्हय? आन् नऊ रुपयं कशापायी?"

बिल दोन हजार एकोणऐंशी रुपये होतं. कपात काही नव्हती. मी त्यांना कागदावर लिहून दाखवलं, पण कागद त्यांना वाचता येत नाही. म्हणून तर फोन. त्या "आसंल" म्हणाल्या आणि गेल्या, पण जाताना सचिवांकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी खिडकीत पुष्कळदा पाहिलेली आहे. ती नजर एकदा लागली की संस्थेतून खाती जातात. पुढच्या पंधरवड्यात तिघांनी दूध खासगी गाडीला घालायला सुरुवात केली. आकडे सगळे बरोबर होते, वही चोख होती, हिशेबात पैचा फरक नव्हता. फरक मराठीत होता.

आता विक्रेत्याने असं का केलं? कंजूषपणा. इंग्रजीत शून्य ते एकोणीस हे वीस शब्द आणि वीस, तीस, चाळीस करत नव्वदपर्यंतचे आठ, असे अठ्ठावीस शब्द एकदा बोलून ठेवले की शंभराच्या आतला कुठलाही आकडा जोडून म्हणता येतो. मराठीत तसं नाही. मराठीत प्रत्येक आकडा हा स्वतंत्र बाण्याचा गृहस्थ आहे. बावीस आणि बत्तीस यांच्यात दोनाचं नातं असलं तरी 'बा' आणि 'ब' ही दोन निराळी बिऱ्हाडं आहेत. बेचाळीसमध्ये 'बे' झालं, बहात्तरमध्ये 'बहा' झालं, ब्याऐंशीमध्ये काय झालं ते सांगता येणार नाही. म्हणजे शून्य ते नव्याण्णव असे शंभर शब्द वेगवेगळे ध्वनिमुद्रित करायला हवेत. विक्रेत्याने अठ्ठावीस करून बहात्तर वाचवले. बहात्तर रोगांवर एकच औषध!

इथे कोणी 2019 सालच्या वादाची आठवण करून देईल. बालभारतीने त्या वर्षीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असंही वाचन दिलं आणि महाराष्ट्रात जो गहजब झाला तो सर्वांनी पाहिलेला आहे. विधानसभेत आडनावांवरून विनोद झाले. गणित समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं असं की, पोरं 'पंचवीस' ऐकतात तेव्हा आधी पाच कानावर येतो आणि लिहिताना आधी दोन लिहावा लागतो, शिवाय जोडाक्षरांची खडी, त्यामुळे कित्येकांना पहिल्याच पायरीला गणिताची धास्ती बसते. मला हे म्हणणं तेव्हाही पटलं होतं आणि आताही पटतं. इकडून विजापूरच्या वाटेला लागलं की कानडी पोरगं वीसला एक जोडून 'इप्पत्तोंदु' म्हणतं आणि त्याचं काही बिघडत नाही. पण बाईंचा प्रश्न सात वर्षांच्या मुलाचा होता, आणि जुनी पद्धत त्यांनी काही पुस्तकातून हाकलून दिलेली नव्हती. आमचा प्रश्न पंचाहत्तरीच्या आक्कांचा. त्यांनी आयुष्यभर एकोणऐंशी ऐकलेलं आहे. शिकवण्यासाठी आकडा फोडणं निराळं आणि फाइली वाचवण्यासाठी फोडणं निराळं. नारळीकरबाईंनी विचार केला होता. विक्रेत्याने बिल केलं होतं.

आम्ही त्याला फोन केला. त्याच्याकडेही एक बाई होती. तिने आम्हाला 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं अकरा वेळा सांगितलं.

शेवटी सचिवांचा भाचा पुढे आला. कराडच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातला. तो म्हणाला, "मामा, पेटीतला कार्यक्रमच बदलू. नवीन फर्मवेअर बनवून घालू." सचिवांना वाटलं काहीतरी भरणं-बिरणं आहे. मलाही आधी फर्म आणि वेअर यांचा अर्थ भागीदारी कायद्यातला वाटला. मग भाच्याने समजावून दिलं ते असं. अशा पेटीच्या पोटात एक लहानसा संगणक असतो आणि फोन जोडणं, उचलणं, बोलणं हे सगळं काम त्यातला एक कार्यक्रम करतो. हा कार्यक्रम कुणाच्या बापाचा नाही. 1999 साली अमेरिकेत मार्क स्पेन्सर नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला धंद्यासाठी टेलिफोनचं एक्सचेंज हवं होतं, ते परवडेना, तेव्हा त्याने संगणकावर स्वतःच एक लिहून काढलं, 'अॅस्टरिस्क' नावाचं, आणि जगाला वाटून टाकलं. पुढे 2007च्या आसपास ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या डेव्हिड रो यांनी चार भोकांची 'आयपी04' ही पेटीच तयार केली आणि तिचा आराखडाही खुला करून टाकला, घ्या आणि करा म्हणून. आमची पेटी त्याच गोतावळ्यातली. या लोकांची अट एवढीच की, जो पेटी विकेल त्याने मागितल्यावर मूळ मजकूरही द्यावा. विक्रेत्याला ही अट माहीत नसावी. भाच्याला होती.

आता कोणी म्हणेल, पाटणच्या पोराने टेलिफोनच्या पोटात हात घालायचा म्हणजे अतीच झालं. तसं काही नाही. 1984 साली सी-डॉट स्थापन झालं तेव्हाही हेच म्हणणारे पुष्कळ होते. सॅम पित्रोदांचं नाव सर्वांना माहीत आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून तिकडे गेलेले पिटके यांचं नाव मात्र आपण मराठी माणसं सहसा घेत नाही, कारण ते क्रिकेट खेळत नव्हते. त्या मंडळींनी 128 जोडांचं खेड्यातलं एक्सचेंज केलं, धुळीत आणि उन्हात वातानुकूलनाशिवाय चालणारं, आणि 1986 साली ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसवलं. मग ते देशभर खेड्यापाड्यांत गेलं. ट्रंक कॉल लावून दुपारभर वाट पाहणाऱ्या पिढीला त्याची किंमत विचारावी. तेव्हा परंपरा आहे.

फर्मवेअर बनवण्याची रीत मी दोन रविवार शेजारी बसून पाहिली. ती बँकेतल्या माणसाला समजण्यासारखी आहे. पेटीला स्वतःचं पीठ मळता येत नाही, तेवढी परातच तिच्याकडे नाही. म्हणून मळायचं लॅपटॉपवर, पण पेटीच्या दातांना चावेल असं. लॅपटॉपचे दात वेगळे. ज्या अवजारांनी एका यंत्रावर बसून दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी कार्यक्रम तयार करतात, ती अवजारं जमवण्यातच पहिला रविवार गेला. शिवाय या पेटीच्या मेंदूत आणखी एक वैगुण्य. मोठ्या संगणकात प्रत्येक कार्यक्रमाला आपापलं केबिन असतं, एकाला दुसऱ्याच्या वहीत लिहिता येत नाही. इथे पार्टिशनच नाहीत. सगळे कारकून एका टेबलावर, आणि एकाची शाई सांडली की दुसऱ्याचा खतावणीचा पान-नंबर गेला. आमच्या शाखेचं नूतनीकरण होण्यापूर्वी आम्ही असेच बसत होतो, त्यामुळे मला पेटीबद्दल एकदम आपुलकी वाटली.

आकडे बोलण्याचा भाग एका फाइलीत होता. भाच्याने ती उघडून दाखवली. जगातल्या निरनिराळ्या भाषांचे आकडे कसे जोडायचे याच्या कृती तिथे एकाखाली एक लिहिलेल्या. उर्दूची होती, तीही लाख आणि करोड यांच्यासह. उर्दूतही शंभराच्या आत प्रत्येकाचं नाव वेगळंच. म्हणजे कुणीतरी आपल्यासारखाच वैतागलेला माणूस आधी येऊन गेला होता. त्याच वाटेने भाच्याने मराठीची कृती लिहिली. सगळ्याचं सार एका ओळीत: आकडा शंभराच्या आत असेल तर तो फोडू नकोस, त्याच्या नावाची फाइल वाजव. ही एक ओळ घालण्यासाठी पेटीचं अख्खं पोट नव्याने शिवावं लागलं.

शिवलेलं पोट पेटीत घालण्याचा प्रसंग नाजूक असतो. पेटी एका वायरने लॅपटॉपला जोडायची, जुना मजकूर पुसायचा आणि नवा लिहायचा. ही पुसण्या-लिहिण्यामधली मिनिटं भाकड. तेवढ्यात वीज गेली आणि सुरुवातीचा उठवणारा छोटा कार्यक्रमच अर्धवट राहिला, तर पेटीची वीट होते. हा तांत्रिक शब्द आहे, जगभर हाच वापरतात. विटेवर उभं राहायला एक विठोबा सोडला तर कोणी तयार नसतो. आणि आमच्याकडे वीज! कोयनेचं धरण आमच्या तालुक्यात, 1960 मेगावॅट वीज त्या पाण्यावर होते, मुंबई-पुणं उजळून निघतं, आणि पाटणला ढग दिसले की दिवे जातात. भाच्याने पेटी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जोडली. उठवणाऱ्या कार्यक्रमाला हात लावला नाही. काम सात मिनिटांत झालं. त्या सात मिनिटांत सचिवांनी दोनदा 'हे विम्यात बसतं का' म्हणून विचारलं.

पण तंत्र सोपं होतं. अवघड होता आवाज.

बाई कुणाची? अध्यक्षांचं मत पडलं की आवाज पुरुषाचा असावा, भारदस्त असावा, आणि एवीतेवी संस्थेचाच माणूस असावा. म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळलं. वार्षिक सभेत विरोधी पॅनेलने मुद्दा काढला की, निवडणुकीच्या तोंडावर अध्यक्षांचा आवाज दर दहा दिवसांनी घरोघरी जाऊन पैसे सांगणार असेल तर तो प्रचार आहे. मुद्दा बिनतोड होता. मग विरोधकांनी आपला एक भजनी बुवा सुचवला. त्याला सत्ताधाऱ्यांनी हरकत घेतली की बुवा प्रत्येक आकड्याच्या शेवटी तान घेतील आणि फोनचं बिल वाढेल. शेवटी दोन्ही पॅनेलांना जिने पाढे न आल्याबद्दल छड्या मारल्या होत्या अशी एकमेव व्यक्ती निघाली: गावच्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका. ठराव एकमताने. त्या सभेत एकमताने झालेला तो एकच ठराव.

मुद्रण झालं पेंडीच्या गोदामात. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही, हा भाच्याचा शोध आहे आणि तो बरोबर आहे. आषाढातला महिना, वर पत्रा. पाऊस थांबला की बाई पंधरावीस आकडे म्हणत आणि पुन्हा सर आली की चहा. फोनमध्ये आवाज सेकंदाला आठ हजार तुकडे करून ठेवतात, दर तुकड्याला एक बाइट. सेकंदाला एक असे शंभर आकडे म्हणजे आठ लाख बाइट. पेटीला जड नव्हते.

तिसऱ्या आवृत्तीचं परीक्षण आता निःपक्षपातीपणे करतो.

पहिला गुण उच्चारांचा. 'त्र्याऐंशी' आणि 'त्र्याण्णव' बाईंनी असे म्हटले आहेत की, ते ऐकायला फोन करावा. मराठी आकड्यांची खरी परीक्षा पन्नास ते नव्व्याण्णव या मुलुखात होते. तिथे रस्ता खडकाळ आहे. 'एकोणसत्तर'मध्ये सत्तरला एक कमी आहे, 'एकोणऐंशी'मध्ये ऐंशीला एक कमी आहे, सगळा उधारीचा हिशेब. पण नव्याण्णवला आपण 'एकोणशंभर' म्हणत नाही. शंभरापाशी आल्यावर एक कमी आहे हे कबूल करणं जिवावर येत असावं. बाई तिथे किंचित थांबून 'नव्याण्णव' असं म्हणतात की, शंभरावर सही बाकी आहे एवढंच वाटतं.

दुसरा गुण फोनची नस ओळखण्याचा. टेलिफोनच्या तारेतून 300 ते 3400 हर्ट्झ एवढीच पट्टी जाते. 'स'चा सीत्कार त्याच्या वर असतो, तो तिथे कापला जातो. त्यामुळे फोनवर 'साठ' आणि 'आठ' यांच्यात फरक उरत नाही, आणि 'सहा' आणि 'दहा' यांनी तर कित्येक बँकांत भांडणं लावली आहेत. अनुभवी कारकून म्हणूनच विचारतो, "साठ म्हणजे सहा-शून्य ना?" माझ्या सूचनेवरून बाई रक्कम आधी पूर्ण म्हणतात आणि मग सुटी करून म्हणतात: 'दोन हजार एकोणऐंशी. दोन, शून्य, सात, नऊ.' अक्षरी आणि अंकी. कलम अठरा.

आता दोष. बाईंनी तीस वर्षं पाढे शिकवले. त्यांचा प्रत्येक आकडा वर चढतो, कारण पाढ्यात पुढचा येणारच असतो. त्यामुळे सुरुवातीला 'आपले बिल एक हजार सातशे बेचाळीऽऽस' असं ऐकून सभासद पुढचे रुपये येतील म्हणून फोन धरून बसत. दोष मूलभूत होता. आकडा वाक्याच्या मध्ये येतो तेव्हा त्याचा सूर वर असतो, शेवटी येतो तेव्हा खाली बसतो. हे इतक्या साध्या गोष्टीत आहे की ते जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या बायांना अजून जमलेलं नाही. त्यांचे आकडे एस.टी.च्या फलाटावरच्या घोषणेसारखे एकमेकांना न ओळखता उभे असतात. उपाय म्हणून शंभर आकडे दोनदा म्हटले गेले, एकदा चढे, एकदा उतरते. आठ लाखांचे सोळा लाख बाइट झाले.

अध्यक्षांनी पुढे एक सूचना केली की, मराठी बाणा जपायचा तर सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द यावेत. 'एक हजार सातशे पन्नास'ऐवजी 'साडेसतराशे' म्हणावं. मनाने मी अध्यक्षांच्या बाजूचा. 'साडेसतराशे' या शब्दात जो ऐवज आहे तो 'एक हजार सातशे पन्नास'मध्ये नाही. पण मी विरोधात मत दिलं. साडेसतराशे हे माणसाने माणसाला सांगायचं असतं, चहा पिता पिता. पावतीवर ते चालत नाही. शिवाय भाचा म्हणाला की त्यासाठी आणखी चार ओळी लिहाव्या लागतील आणि त्याची परीक्षा सोमवारी आहे.

बाकी मांडणीविषयी थोडं. 'मराठीसाठी एक दाबा' हे वाक्य काढून टाकलं, कारण दुसरं काही दाबायला नव्हतंच. 'आपला कॉल महत्त्वाचा आहे' हे काढलं. तो महत्त्वाचा असतो तेव्हा कुणीतरी उचलतो. शेवटी 'माणसाशी बोलायचं असेल तर नऊ दाबा' हे मात्र घातलं, आणि नऊ दाबल्यावर सचिवांच्या टेबलावरचा फोन खरोखर वाजतो. सचिवांना हा भाग रचनेच्या दृष्टीने सदोष वाटतो.

आक्कांनी नवीन बाई ऐकली. म्हणाल्या, "ही आपल्या बाईंवानीच बोलती." त्यांना सांगितलं की आपल्या बाईच आहेत. "मग सरळ म्हना की वो," म्हणाल्या. "बाई पेंडीचं कापायच्या न्हाईत." गेलेल्या तिघांपैकी दोघं परत दूध घालू लागले आहेत. तिसऱ्याचं संस्थेशी बांधाचं भांडण आहे, त्याला कुठलंच फर्मवेअर पुरणार नाही.

एक गोष्ट राहिली. उतरता 'एकोणऐंशी' म्हणताना गोदामामागे कोंबडा आरवला, आणि तो त्या फाइलीत तसाच गेला. ज्याचं बिल एकोणऐंशीवर संपतं त्याला आकड्यामागोमाग कोंबडा ऐकू येतो. तो शुभ असतो असं वरच्या आळीत मानतात, आणि काही जण बिल तिथे बसावं म्हणून पाव लिटर इकडेतिकडे करतात असा मला संशय आहे. बाई आता मुलीकडे पुण्याला गेल्या आहेत. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर नववा विषय आहे: 'एकोणऐंशीमधील कोंबडा काढून टाकण्यास मंजुरी देणे.' सूचक मिळाला आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.